'जँगो अनचेन्ड'मधील रक्तपात : एकाच चित्रपटाबद्दल इतकी टोकाची मते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : घरी तिघांनी मिळून क्वेंटिन टॅरन्टिनो यांचा 'जँगो अनचेन्ड' पाहिला. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला तो विलक्षण आवडला, आपल्या पत्नी कुत्र्यांचा प्रसंग सुरू होताच उठून आत गेल्या त्या परत आल्याच नाहीत, आणि शेवटच्या गोळीबारात आपल्याला मजा येत आहे हे लक्षात आल्यावर आपण स्वतः अस्वस्थ झालात. एकाच चित्रपटाबद्दल माणसांची मते इतकी का फाटतात, ही हिंसा आवश्यक होती का, आणि 'स्पॅगेटी वेस्टर्नला मानवंदना' असे जे म्हटले जाते त्याचा नेमका अर्थ काय, असे आपण विचारले आहे. मी तीस वर्षे चित्रपटांचे संकलन करतो आहे आणि रसास्वादाच्या वर्गांत हा चित्रपट अनेकदा दाखवून त्यावर चर्चा घेतली आहे. म्हणून उत्तर संकलकाच्या नजरेने देतो.

वर्गात चित्रपट संपल्यावर जी मते येतात, ती ऐकताना मला दर वेळी एक गोष्ट जाणवते. 'हिंसा फार आहे' असे म्हणणाऱ्या दोघांच्या मनात बहुधा वेगवेगळे प्रसंग असतात. एकाला कुत्र्यांनी फाडलेला गुलाम आठवत असतो, तर दुसऱ्याला हवेलीच्या दिवाणखान्यात भिंतींवर उडालेले रक्त. दोन्हींना आपण हिंसाच म्हणतो, परंतु त्या दोन अगदी निराळ्या रीतींनी चित्रित केल्या आहेत आणि निराळ्या रीतींनी कापल्या आहेत. या चित्रपटाविषयीचे जवळजवळ सगळे मतभेद, प्रेक्षक या दोहोंपैकी कोणती हिंसा मनात घेऊन घरी गेला, यावरून उलगडतात, असे माझे मत आहे.

पहिली हिंसा मालकांनी गुलामांवर केलेली. चित्रपटाचा नायक जँगो हा मुक्त झालेला गुलाम आपल्या पत्नीच्या, ब्रूमहिल्डाच्या शोधात असतो. तिला चाबकाने मारतात तो प्रसंग त्याच्या आठवणीतून, विटलेल्या रंगांत येतो, आणि आपले लक्ष फटक्यांइतकेच गुडघ्यांवर बसून विनवणाऱ्या जँगोवर खिळते. दोन गुलामांना एकमेकांशी मरेपर्यंत झुंजवतात त्या दृश्यात बराच वेळ आपल्याला पाहणारी माणसे दिसतात आणि हाडे मोडल्याचे आवाज ऐकू येतात. दार्तान्यां नावाच्या पळालेल्या गुलामावर कुत्री सोडतात, तेव्हा आपण तुकड्यातुकड्यांनी पाहतो आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा साक्षीदारांच्या चेहऱ्यांकडे वळतो. या प्रसंगांत प्रेक्षकाला टाळी वाजवण्यास जागा नाही. टॅरन्टिनो यांनी मुलाखतींत सांगितले आहे की सुरुवातीच्या आवृत्तीत झुंजीचे आणि कुत्र्यांचे प्रसंग याहून कठोर होते. ते पाहून प्रेक्षक इतके कोलमडले की शेवटी जँगोच्या विजयात त्यांना सहभागी होता येईना, म्हणून ते प्रसंग आखूड केले. संकलनाच्या खोलीतील हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण कुठे थांबायचे याचा हिशेब दिग्दर्शकाने केला होता, याचा तो पुरावा आहे.

दुसरी हिंसा सूडाची. तिथे सगळे नियम उलटे होतात. ब्रूमहिल्डाला छळणाऱ्या ब्रिटल बंधूंपैकी घोड्यावरून पळणाऱ्या एकाला गोळी लागते आणि पांढऱ्या कापसाच्या बोंडांवर रक्ताचा सडा पडतो. ब्रूमहिल्डाचा मालक कँडी याच्या हवेलीत एकाच शरीराला पुन्हा पुन्हा गोळ्या लागतात, प्रत्येक गोळीसरशी मांसाचा चिखल उडतो आणि वर जेम्स ब्राउन व टूपॅक यांच्या गाण्यांचे मिश्रण वाजते. शेवटी कँडीची बहीण लारा हिला गोळी लागते, तेव्हा गोळीच्या दिशेचा कोणताही विचार न करता ती दोरीने ओढल्यासारखी आडवी उडून दाराबाहेर जाते. हे वास्तव म्हणून दाखवलेलेच नाही. हे अतिशयोक्त, तालबद्ध, रंगमंचीय आहे, आणि याच ठिकाणी मानवंदनेचा मुद्दा येतो.

स्पॅगेटी वेस्टर्न म्हणजे १९६०च्या दशकात इटालियन निर्माते-दिग्दर्शकांनी काढलेले अमेरिकन पश्चिमेचे चित्रपट. हे नाव हेटाळणीसाठी पडले. इटलीत त्यांना साधेपणाने 'इटालियन पद्धतीचा वेस्टर्न' म्हणत. बरेचसे चित्रीकरण स्पेनमध्ये, विशेषतः अल्मेरियाच्या ओसाड रानात होई. सेर्जिओ लिओने यांचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' १९६४ साली आला. तो अकिरा कुरोसावा यांच्या १९६१च्या 'योजिम्बो'वर बेतलेला होता आणि त्यावरून जपानी निर्मात्यांशी कायदेशीर वादही झाला. त्याचा खर्च सुमारे २ लाख डॉलर, म्हणजे हॉलिवुडच्या तुलनेत किरकोळ होता. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत असे काही शे चित्रपट निघाले.

या चित्रपटांची शैली पुष्कळ अंशी काटकसरीतून जन्मली. टेक्निस्कोप पद्धतीत एका चौकटीला फिल्मची चार छिद्रे न लागता दोनच लागत, त्यामुळे निम्म्या फिल्ममध्ये रुंद पडद्याचा चित्रपट तयार होई. नट आपापल्या भाषेत संवाद बोलत आणि सगळा आवाज नंतर भरला जाई. म्हणूनच त्यांतील बंदुकीचा बार तोफेसारखा वाटतो आणि शांतता इतकी दाट वाटते. जुन्या हॉलिवुडमध्ये गोळी झाडणारा आणि गोळी लागणारा एकाच चौकटीत दाखवण्याचे टाळत असत. लिओने यांना हा संकेत ठाऊक नव्हता आणि आपण तो त्यांना सांगितलाही नाही, असे त्यांचे नायक क्लिंट ईस्टवुड यांनी सांगितले आहे. माझ्या व्यवसायातील माणसाला यातील मोठेपणा लगेच कळतो. बंदूक दाखवून कापायचे आणि मग कोसळणारा माणूस दाखवायचा, यात मध्ये एक सभ्य पडदा असतो. दोघे एकाच चौकटीत आले की तो पडदा नाहीसा होतो.

तथापि टॅरन्टिनो यांचे या चित्रपटातील गुरू लिओने नव्हेत, सेर्जिओ कोर्बुच्ची आहेत. कोर्बुच्ची यांच्या १९६६च्या 'जँगो'त फ्रँको नेरो चिखलातून एक शवपेटी ओढत येतो आणि त्या पेटीत मशीनगन असते. त्यात लाल मुखवटे घातलेली वंशद्वेष्ट्यांची टोळी आहे आणि एका माणसाचा कान कापून त्यालाच खायला लावण्याचा प्रसंग आहे. ब्रिटनमध्ये या चित्रपटाला १९९३पर्यंत प्रमाणपत्र मिळाले नव्हते. आपण पाहिलेल्या चित्रपटाच्या आरंभी साखळदंडांनी बांधलेले गुलाम खडकाळ रानातून चालत असताना जे गाणे वाजते, ते त्याच जुन्या चित्रपटाचे, लुईस बाकालोव यांनी रचलेले शीर्षकगीत आहे. झुंजीच्या दिवाणखान्यात मद्य पीत जँगोला नावाचे स्पेलिंग विचारणारा वृद्ध गृहस्थ म्हणजे स्वतः फ्रँको नेरो. कँडीच्या पहिल्या दर्शनाला कॅमेरा झटक्यात झूम होतो, ती इटालियन चित्रपटांची खूण आहे, आणि बर्फातील इनामी गुन्हेगारांच्या शिकारीचे प्रसंग पाहताना कोर्बुच्ची यांचाच १९६८चा हिमाच्छादित 'द ग्रेट सायलेन्स' आठवतो.

परंतु उसनी गाणी आणि झूम एवढीच मानवंदना असती, तर मी इतके लिहिले नसते. टॅरन्टिनो यांनी सांगितले आहे की कोर्बुच्ची यांच्या चित्रपटांविषयी लिहीत असताना, त्यांच्या पश्चिमेतील निर्दय सत्ताधीश हे फॅसिझमचे रूप आहेत असे आपल्याला वाटू लागले, आणि मग अमेरिकन इतिहासात असा निर्दय प्रदेश कुठे होता हे शोधताना उत्तर मिळाले ते गुलामगिरीच्या काळातील दक्षिणेचे. म्हणून हा चित्रपट टेक्ससमध्ये सुरू होत असला, तरी त्याचे हृदय मिसिसिपीत आहे. १८६०च्या जनगणनेनुसार मिसिसिपीच्या सुमारे ७ लाख ९१ हजार लोकसंख्येपैकी ४ लाख ३६ हजारांहून अधिक माणसे गुलाम होती. जिथे अर्ध्याहून अधिक माणसे दुसऱ्याची मालमत्ता आहेत, तिथे स्पॅगेटी वेस्टर्नचा एकटा सूडकरी नेऊन सोडला तर काय होईल, हा या चित्रपटाचा मूळ प्रश्न आहे.

इथेच सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो. दिग्दर्शक स्पाइक ली यांनी हा चित्रपट पाहण्यासच नकार दिला. आपल्या पूर्वजांचा तो अवमान ठरेल, आणि गुलामगिरी हा लिओनेचा वेस्टर्न नव्हता, तो संहार होता, अशी त्यांची भूमिका होती. कृष्णवर्णीयांसाठी वापरला जाणारा अपमानकारक शब्द या चित्रपटात शंभराहून अधिक वेळा येतो, यावरही अनेकांचा राग होता, आणि पात्रांच्या बाहुल्या बाजारात आल्या तेव्हा निषेधामुळे त्या मागे घ्याव्या लागल्या. चित्रपट न पाहता मत देऊ नये असे मला सामान्यतः वाटते, पण ली यांचा आक्षेप चित्रपटाच्या गुणवत्तेवर नसून प्रकारावर आहे आणि तो समजून घेतला पाहिजे. ज्यांच्या पणजोबांच्या पाठीवर ते वळ होते, त्यांना त्या वळांवर रचलेली करमणूक नको वाटू शकते. त्या भावनेशी वाद घालण्याचा अधिकार मला नाही.

मराठी वाचकाला हा विषय परका नसावा असेही वाटते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा, अमेरिकेत घटनादुरुस्तीने गुलामी रद्द होऊन आठच वर्षे झाली होती, आणि हबशी लोकांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांनाच त्यांनी तो ग्रंथ अर्पण केला. आपल्याकडे नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त अपमान साचत साचत जाऊन शेवटी एकच दगड भिरकावला जातो, आणि तो थेट आपल्याकडे येतो. तिथे सूडाचा आनंद प्रेक्षकाला मुद्दाम नाकारला आहे. टॅरन्टिनो तो आनंद भरभरून देतात. अत्याचाराची गोष्ट सांगण्याचे हे दोन मार्ग आहेत. मला व्यक्तिशः पहिला अधिक खोलवर लागतो, पण दुसऱ्याची गरजही समजते : ज्या समाजाच्या नायकाला पडद्यावर बंदूक घेऊन घोड्यावर बसताना दीर्घकाळ फारसे कोणी दाखवलेच नाही, त्या समाजातील प्रेक्षकाला जँगो घोड्यावरून गावात शिरतो आणि गोरी माणसे थबकून पाहतात, या एका दृश्याचे मोल निराळे असणार.

इतिहासाच्या तपशिलांवरचे आक्षेप मात्र मला दुय्यम वाटतात, जरी ते खरे असले तरी. कथा १८५८ची, पण त्यात डायनामाइट आहे, ज्याचे पेटंट १८६७चे. डोक्यावर पिशव्या घातलेल्या टोळीचा प्रसंग कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशद्वेष्ट्यांच्या संघटनेची आठवण करून देतो आणि ती संघटना १८६५ची. पडद्यावरील पाटीवर अमेरिकेतील यादवी युद्धाला दोन वर्षे अवकाश असल्याचे लिहिले आहे, प्रत्यक्षात युद्ध १८६१मध्ये सुरू झाले. गुलामांना मरेपर्यंत झुंजवण्याच्या खेळांनाही इतिहासकारांना पुरावा सापडलेला नाही; धडधाकट गुलाम म्हणजे मोठे भांडवल, ते असे उधळणे मालकाला परवडणारे नव्हते. यांपैकी शेवटचा मुद्दा तेवढा मी गंभीरपणे घेतो, कारण चाबूक, लोखंडी गळपट्टे, कुत्री, कुटुंबांची ताटातूट हे सर्व घडलेले असताना न घडलेली क्रूरता मध्यभागी ठेवली, तर घडलेल्या क्रूरतेवरही शंका घेण्यास वाव मिळतो.

मते कडवट होण्यात प्रदर्शनाच्या वेळेचाही वाटा होता. अमेरिकेत चित्रपट २५ डिसेंबर २०१२ रोजी आला. त्याच्या अकराच दिवस आधी कनेक्टिकट राज्यातील सँडी हुक शाळेत बंदूकधाऱ्याने २० मुले आणि ६ प्रौढ मारले होते. लॉस एंजेलिसचा नियोजित प्रारंभसोहळा रद्द झाला आणि दिग्दर्शकाला मुलाखतींत वारंवार एकच प्रश्न विचारला जाऊ लागला. चीनमध्ये ११ एप्रिल २०१३ रोजी पहिल्याच दिवशी खेळ थांबवले गेले आणि महिन्याभराने काटछाट केलेली प्रत लागली. तरीही जगभरात सुमारे ४२ कोटी डॉलरची कमाई झाली, टॅरन्टिनो यांना मूळ पटकथेचे आणि ख्रिस्तोफ वॉल्ट्झ यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले.

आपण 'शोले'चा उल्लेख केला नाही, पण आपल्या पिढीचा प्रेक्षक स्पॅगेटी वेस्टर्नची भाषा त्याच चित्रपटातून शिकला आहे. ठाकूरच्या कुटुंबाचे हत्याकांड लिओने यांच्या १९६८च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधील हत्याकांडाचे ऋणी आहे. दोन्हीकडे मुलावर रोखलेली बंदूक दिसते, बार ऐकू येतो आणि त्या आवाजाबरोबर दृश्य आगगाडीवर जाते. मूल मेल्याचे आपण पाहत नाही, आणि म्हणूनच ते विसरतही नाही. 'शोले'ला फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला, तो संकलनासाठी एम. एस. शिंदे यांना, याचा मला एक मराठी संकलक म्हणून फार अभिमान वाटतो. त्याच 'शोले'च्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी ठार करतो. सेन्सॉरने तो बदलायला लावला आणि पोलीस आणले. सूड पूर्ण होऊ द्यावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे १९७५मध्येच येऊन गेला होता. 'जँगो'मध्ये पोलीस येत नाहीत, कारण तिथे कायदाच मालकाच्या बाजूचा आहे.

आता माझ्या तक्रारी. त्या रक्ताविषयी नाहीत. १६५ मिनिटांच्या या चित्रपटाची गाठ हस्तांदोलनाच्या प्रसंगात, म्हणजे जँगोला मुक्त करणारा जर्मन डॉक्टर शुल्ट्झ कँडीशी हात मिळवण्याऐवजी त्याला गोळी घालतो तिथे, सुटते. त्यानंतर एक गोळीबार, जँगोचे पकडले जाणे, खाणीकडे रवानगी, तिथून सुटका आणि पुन्हा हवेलीत दुसरा गोळीबार येतो. कथेच्या दृष्टीने हा दुसरा शेवट का हवा, हे मला कळते : पहिली ठिणगी शुल्ट्झची आहे आणि तिच्यामुळे जँगो हरतो, दुसरा विजय त्याचा एकट्याचा, स्वतःच्या बुद्धीने मिळवलेला असायला हवा. तसे झाले नसते, तर गोऱ्या उपकारकर्त्याने काळ्या नायकाला तारले, हा आक्षेप पक्का झाला असता. पण लय सैल पडते, आणि त्यामुळे रक्तपात दुप्पट वाटतो. टॅरन्टिनो यांच्या आधीच्या सर्व चित्रपटांच्या संकलक सॅली मेंके सप्टेंबर २०१०मध्ये निवर्तल्या. हा चित्रपट 'किल बिल'वर सहायक असलेल्या फ्रेड रास्किन यांनी कापला आणि त्यांचे काम उत्तम आहे. तरीही या शेवटच्या अर्ध्या तासात आणखी कात्री चालायला हवी होती असे मला वाटते. दुसरी तक्रार ब्रूमहिल्डाची. केरी वॉशिंग्टन यांच्यासारखी अभिनेत्री असूनही ती सोडवून आणायची राजकन्याच राहते. जर्मन दंतकथेतील ब्रुनहिल्डाची उपमा शुल्ट्झ देतो, आणि पटकथा त्या उपमेच्या पलीकडे जात नाही.

याउलट सॅम्युएल जॅक्सन यांनी केलेला स्टीव्हन, म्हणजे हवेलीचा म्हातारा कारभारी, ही या चित्रपटाची सर्वांत धाडसी निर्मिती आहे. पाहुण्यांसमोर तो काठी टेकत, बडबडत मालकाची री ओढतो. पण ग्रंथालयात मालकाबरोबर एकटा असताना खुर्चीत बसून, हातात मद्याचा पेला घेऊन, त्याला त्याची फसवणूक शांतपणे समजावून सांगतो. अन्यायाची व्यवस्था खालच्या माणसाला थोडा अधिकार देऊन स्वतःला कशी टिकवते, हे या एका दृश्यात जितके स्वच्छ दिसते, तितके सगळ्या गोळीबारांत मिळून दिसत नाही. आपल्या मुलाशी बोलायचे असेल, तर या दृश्यावर बोलावे. त्याला चित्रपट आवडला यात काळजीचे काही नाही. तो सूडाच्या भागाला प्रतिसाद देतो आहे आणि तो भाग तसाच प्रतिसाद मागतो. आपली अस्वस्थताही योग्य ठिकाणीच आहे, कारण मजा वाटावी आणि ती मजा खुपावी, असा दुहेरी परिणाम त्या गोळीबारात आहे.

आपल्या पत्नींविषयी मात्र एक सांगायचे आहे. कुत्र्यांच्या प्रसंगात डॉक्टर शुल्ट्झ पैसे देऊन त्या गुलामाला वाचवू पाहतो, आणि झुंजीचे गुलाम विकत घ्यायला आल्याचे दोघांचे सोंग उघडे पडू नये म्हणून जँगोच त्याला थांबवतो. पाहुण्याचा चेहरा उतरलेला कँडीच्या लक्षात येतो, तेव्हा जँगो म्हणतो की अमेरिकनांची सवय याच्यापेक्षा मला थोडी जास्त आहे. त्यानंतर पुष्कळ वेळाने, व्यवहार पुरा झाला आहे, १२ हजार डॉलर मोजून ब्रूमहिल्डाच्या सुटकेची कागदपत्रे हाती आली आहेत, फक्त निघायचे बाकी आहे. दिवाणखान्यात एक स्त्री हार्पवर बीथोव्हेनची 'फ्युअर एलिझ' वाजवत असते. त्या सुरांवर शुल्ट्झच्या डोळ्यांसमोर कुत्री आणि तो माणूस पुन्हा येतो, आणि तो ओरडून वाजवणे बंद करायला लावतो. मग कँडी हस्तांदोलनाचा आग्रह धरतो आणि शुल्ट्झला तेवढे जमत नाही. हात मिळवण्याऐवजी तो गोळी झाडतो, आणि तिथेच त्याचाही जीव जातो. ज्या दृश्याला आपल्या पत्नी उठून गेल्या, ते दृश्य शुल्ट्झला शेवटपर्यंत बसून पाहावे लागले होते. त्यांची तयारी असेल, तर फक्त हार्पपासून हस्तांदोलनापर्यंतचा भाग त्यांच्यासोबत पुन्हा पाहावा.